बापूसाहेबांचा रिपोर्ट

१९५८ साली अकोल्यात खुशालराव डॉक्टरांच्या दवाखान्यात तपासणीची खोली मी एकटा सांभाळायचो. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधायची रीत साधी होती. ग्वायकम नावाच्या झाडाची राळ स्पिरिटमध्ये विरघळवायची, नमुन्यावर तिचे थेंब टाकायचे, वर पेरॉक्साइड. निळं झालं की रक्त आहे. मात्र पेशंटनं तीन दिवस मटण खाल्लेलं नसावं. बकऱ्याच्या रक्तानंही ती राळ निळी होते.

बापूसाहेब वकिलांना हे पथ्य कोणी सांगितलंच नाही. सोवळ्याच्या घरातल्या माणसाला मटण खाऊ नका म्हणून कोण सांगणार? पण दर शुक्रवारी माझी बायको नसीमबानो त्यांच्यासाठी कोर्टात मटणाचा डबा पाठवायची. शाळेपासूनची दोस्ती आमची. त्यांच्या घरी कोणाला याचा पत्ता नव्हता.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांचा नमुना आला. थेंब पडताच निळा झाला, शाईसारखा गडद. मटणानं इतका गडद रंग क्वचितच येतो, हे मला कळत होतं. तरी मनाला म्हटलं, कालच तर डबा रिकामा परत आला. खरं लिहिलं तर डॉक्टर विचारणार, मटण खाल्लं होतं का? तेही त्यांच्या बायकोसमोर, चारुशीलाबाईंसमोर. दोस्ताची अब्रू माझ्याच हातानं जायची. दुसरा नमुना मागवला असता तर काय बिघडलं असतं माझं? पण तेव्हा मला स्वतःच्या शहाणपणाचं फार कौतुक होतं. मी लिहून टाकलं, रक्त नाही. डॉक्टरांनी आम्लपित्ताचं औषध दिलं.

एप्रिलात बापूसाहेबांना काळी उलटी झाली. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं, पोट चाचपलं आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "मोठी गाठ आहे. उशीर झाला. घरच्यांना अजून बोललो नाही."

मी खाटेजवळ गेलो. घाबरलो की मला राग येतो.

"वकीलसाहेब, ते मटण तरी बंद करा आता!"

"केव्हाच बंद केलं रे बद्रू," ते म्हणाले. "दिवाळीपासून त्याचा वासही सहन नाही होऊन राहिला. भाभीले वाईट वाटीन म्हणून बोललो नाही. डबा आमचा जानराव पट्टेवाला खाते."

तो निळा रंग त्यांच्याच रक्ताचा होता, आणि मी तो तीन महिने दडवून ठेवला होता.

तेवढ्यात चारुशीलाबाई आत आल्या. नमुन्याची डबी त्यांनी पदराखाली झाकून आणली होती.

"बद्रुद्दीनभाई, तुमीच तपासा," त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेस तुमचा रिपोर्ट आला तवा कुठं मले झोप लागली होती."

मी डबी घेतली.

"चांगलंच निघीन ना?" त्यांनी विचारलं.