उंदराची गोळी

माझ्या सतीशच्या हाडातल्या मगजात कॅन्सर निघाला तेव्हा पाहुणेरावळे रडायला आले. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. जिता माणूस समोर बसलाय आणि ह्यांचे पदर डोळ्याला!

पहिल्या औषधानं गुण आला नाही. मग डॉक्टर म्हणाले, "आजी, नवीन गोळी देतो. उंदरांवर फार चांगली लागू पडलीय."

मी शाळा थोडी शिकले, पण येडी न्हाय. उंदराची गोळी पिठात कालवून कोपऱ्यात ठेवली की सकाळी उंदीर आडवा. तीच माझ्या लेकाला? घरी येताच पाकीट कनवटीला खोचलं.

"आई, दे की," सतीश म्हणाला. आवाजात जीव नव्हता.

"मी जिती हाय तोवर न्हाय."

त्याची पोरगी धम्मप्रिया पुण्याला प्रयोगशाळेत असते. बापाचा फोन गेला तशी बॅग टाकून आली. ऐकलं आणि हसत खालीच बसली. हसता हसता डोळे भरले तिचे.

"आजी, ती मारायची गोळी, ही जगवायची! माणसाच्या आजारी पेशी आम्ही उंदराच्या अंगात सोडतो. माझ्या अप्पांना झालाय तोच आजार त्याला होतो. मग कुठलं औषध चालतं ते बघतो."

"आन् त्या उंदराचं गं?"

तिनं डोळे पुसले. "शेवटी मारावं लागतं. हाडं तपासायला."

"विहारात तोंड वर करून पाणातिपाता, जीव मारणार न्हाय, म्हणतीस की!"

"म्हणते. म्हणून त्याला दुखू देत नाही. गरजेपेक्षा एकही जास्त घेत नाही. तरी जड जातं, आजी."

जिभेवर आलेला टोमणा मी गिळला.

"सतीशला चालंल कशावरनं?"

"खात्री नाही. अप्पा म्हणजे उंदीर नव्हेत. पण नंतर माणसांनाही दिलीय. बऱ्याच जणांना गुण आलाय."

खोटं बोलली असती तर दिली नसती. पाकीट काढलं, तांब्या भरला, माझ्या हातानं गोळी दिली.

आता रिपोर्ट सुधारलाय. आजार गेला नाही, पण मागं सरकलाय. परवा डब्यामागं उंदीर दिसला. दुकानात गेले, उंदीर झालाय म्हटलं, तर गुरुलिंगनं सवयीनं विषाची पुडी काढली.

"पुडी ठेव तुझ्यापाशी. पिंजरा दे," म्हणाले. उंदीर गिरणीमागं सोडून आले.

आज सतीशनं कडक भाकरी मागून घेतली. शेंगाचटणीला बोट लावून म्हणतो, "आई, लसूण कमी पडला."

"उंदराची गोळी खाऊन दात फुटले व्हय रं तुला?" म्हणाले, आणि लसूण सोलायला बसले.