पाणकोंबडीच्या खणातली कात

बाहीच्या दुमडीतून काहीतरी खणात पडलं, तेव्हा तिच्या हातात पाणकोंबडी होती.

या जातीची पाणकोंबडी आता कुठल्याच तळ्यावर दिसत नाही. जात संपली. कापूस भरून जपलेली तिची मोजकी कातडी जगात उरली आहेत, त्यातलं एक विद्यापीठाच्या या संग्रहात. थोड्या वेळाने विद्यार्थी येणार होते, म्हणून पक्ष्यांचा हा संग्रह सांभाळणारी ती खण उघडून पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या सरळ करत होती.

तिने पक्षी हळूच खाली ठेवला, पडलेली वस्तू चिमट्याने उचलून भिंगाखाली धरली. तपकिरी, केसाळ, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि पोकळ. पाठीवर उभी चीर. अळीने टाकलेली कात होती ती.

मग अळी कुठे होती?

ही अळी तिच्या ओळखीची होती. आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या इमारतीत, तिचा नवरा काचेच्या टाक्यांमध्ये भुंगेरे पाळायचा. मेलेल्या प्राण्याचं मांस हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या हाडापर्यंत खाऊन साफ करतात, मागे पांढराशुभ्र सांगाडा उरतो. त्यामुळे सगळे त्याला हाडवैद्य म्हणत. पण मेलेला ससा कुठला आणि जपलेला पक्षी कुठला, हे भुंगेऱ्यांना कळत नाही. म्हणून टाक्यांच्या खोलीतून आलेल्याने संग्रहात पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. दोघांनी तो घरापर्यंत नेला होता. कपाटं दोन, मळक्या कपड्यांच्या बादल्या दोन. संध्याकाळी आधी त्याची अंघोळ, मग गप्पा. जेवणाच्या सुट्टीत तो तिकडे, ती इकडे. "तुम्ही नवरा-बायको आहात की भाडेकरू?" असं कार्यालयातले विचारायचे.

तिने स्वेटरची बाही उलगडली. ती बोटांपर्यंत आली. सासूबाईंनी एकाच लोकरीचे दोन स्वेटर विणले होते, एक मुलाला, एक सुनेला.

तिने फोन लावला.

"अरे, माझ्या अंगात तुझा स्वेटर आहे."

"आईने विणलेला? मग असू दे की. दोन्ही सारखेच आहेत."

"त्यातून कात पडलीय. पाणकोंबडीच्या खणात."

"काल घालून आत गेलो होतो," तो म्हणाला. "दोनच मिनिटं. टाकीचं झाकण नीट बसलं नव्हतं."

"आणि घरी येऊन माझ्या खुंटीला टांगलास."

"नुसती कात ना? ती लोकरीला चिकटते गं. रिकामीच आली असेल."

"किंवा इथे येऊन टाकली असेल."

"घाबरवू नकोस मला."

"मी केव्हाची घाबरलेय. तू आत्ता सामील होतोयस."

त्याने आवाज खाली आणला. "ऐक. मॅडमना कळलं तर माझ्या सगळ्या टाक्या गोठवून टाकतील. इतक्या वर्षांचे भुंगेरे थंडीने मरतील. खण बंद कर. आठवड्याने उघडून बघ."

"आठवड्याने काय बघू? पिसं?"

तिने फोन ठेवला. स्वेटर झटकायची सोय नव्हती, आणखी काही पडलं तर? मानेवर खाज सुटली होती, हात लावायचा धीर होईना. श्वास रोखून तिने तो डोक्यावरून काढला, पिशवीत घालून गाठ मारली. मग कान देऊन उभी राहिली, उगाचच. या अळ्या खाताना ऐकू येत नाहीत. भिंतीपर्यंत कपाटंच कपाटं, आणि कुठे काहीही आवाज नाही.

तिने विभागप्रमुख मॅडमचा नंबर फिरवला.

"आणखी कुणाला माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याला."

"काय म्हणतात हाडवैद्य?"

तिने पिशवीची गाठ आणखी आवळली. "त्यांनाही तुमच्याकडेच पाठवते."

"वर्ग रद्द. अख्खं कपाट शीतपेटीत जाईल. दार लावा आणि आतच थांबा."

पुढचा पंधरवडा कपाटातले पक्षी उणे तीस अंशांत होते. घरात ती रोज उशा उलट्या करून शिवणी तपासायची. तो शेजारी जागाच असायचा.

पक्षी बाहेर निघाले तेव्हा मॅडमनी स्वतः पाणकोंबडीचा पंख चिमट्याने उचलला. खाली अळी होती, ताठ, मेलेली. तिच्याभोवती नखाएवढी जागा बोडकी झाली होती.

"आठवडाभर थांबला असतात तर…" मॅडमनी वाक्य अर्धंच सोडलं.

त्याच संध्याकाळी हाडवैद्याने आपल्या टाक्या एकेक करून स्वतःच्या हातांनी शीतपेटीत नेल्या. मदतीला कुणाला येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं उपाहारगृहात एका टेबलावर जेवायला बसली. "अरे वा, भाडेकरू एकत्र!" कुणीतरी ओरडलं. तो कसनुसा हसला.

तिचा हात अचानक त्याच्या कॉलरकडे गेला. त्याचा घास तोंडातच राहिला.

"काय आहे?"

"काही नाही. दोरा."

पण तिने तो टाकला नाही. खिडकीच्या उजेडात धरून आधी एका बाजूने पाहिला, मग दुसऱ्या.