पातळ प्लेट

"तो कॉम्प्युटरना रंगीत फोटो काढी दे वं, भाविका," भावेश दारातून बहिणीला म्हणाला. "जत्रामा लोकेसले दखाडसू. कॉम्प्युटरवर तपासेल ट्रॉली शे."

बाहेर गिऱ्हाईक रेवजीकाका घोडी बांधून ट्रॉलीची वाट बघत होते. शहाद्याच्या या वर्कशॉपमध्ये घोडे नेण्याची ट्रॉली पहिल्यांदाच बनली होती आणि आज ती सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला निघायची होती. इंजिनिअर होऊन आल्यापासून भाविकाच्या वाट्याला कोटेशन टाइप करणेच आले होते. या ट्रॉलीत मात्र भावाने तिचे ऐकले होते: तळाखालची प्लेट पातळ चालेल.

फोटो उठावदार दिसावा म्हणून तिने पडद्यावर प्लेटांचा भाराखालचा वाक मुद्दाम वाढवून दाखवला. हूकची जाड प्लेट पातळ प्लेटमधून आरपार सरकली, पाण्यातून काठी फिरावी तशी.

तिचा हात थांबला. गणितासाठी प्रत्येक प्लेटवर चौकोनांची जाळी टाकावी लागते. दोन प्लेटा एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही जाळ्यांचे बिंदू एकच हवेत. तरच एकीचा भार दुसरीला कळतो. तिने जाळ्या वेगवेगळ्या टाकल्या होत्या. चित्रात चिकटलेल्या प्लेटा गणितात सुट्याच होत्या. म्हणूनच पातळ प्लेट अशी निळी, ताणच नसल्यासारखी निवांत दिसत होती.

तिने पडद्यावर दोन्ही प्लेटा छेदरेषेवर तोडल्या, दोन्ही जाळ्यांच्या ओळी तिथे बिंदूला बिंदू जुळवल्या आणि गणित पुन्हा लावले. पातळ प्लेटचा कोपरा लाल झाला: तिथे तिला भार झेपत नव्हता.

गप्प बसले तर इथे कुणाला काही कळणार नव्हते. बोलले तर पुन्हा कोटेशन.

ती बाहेर आली. "भाऊ, ट्रॉली नको काढू. मन्ही जाळी चुकनी."

"वेल्डिंग पक्कं शे."

"वेल्डिंग पक्कंच शे. प्लेट पातळ शे. हूकपाशी फाटी जाई."

"पातळ चालई, हाई तूच सांगं व्हतं ना?"

"हां. मीच."

"मंग घोडी काय कॉम्प्युटरमा बसाडू?" रेवजीकाका म्हणाले.

भावेशने वाकून हूकखालची प्लेट पाहिली. मग म्हणाला, "काका, यंदा घोडीले पायीच ली जा."

काका पुटपुटत घोडी घेऊन रस्त्याला लागले. भावेशने हूक ट्रॅक्टरपासून सोडवला, पातळ प्लेट कापून काढायला ग्राइंडर घेतला आणि ट्रॉलीखाली आडवा झाला. भाविकाकडे त्याने पाहिले नाही. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "धर."

ती मातीत गुडघे टेकून बसली आणि तिने प्लेटचे दुसरे टोक धरले. ठिणग्या नव्या रंगावर पडत राहिल्या.