माळावरची वेधशाळा

विश्वाचा शोध घ्यायला माणसाला सगळ्यात आधी निखळ अंधार लागतो. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या माळावर तो मुबलक होता, कारण तिथे वीज कधी पोचलीच नाही.

गावच्याच पंकजा गर्जे यांनी कॉलेजातली नोकरी सोडून चार वर्षांत तिथे वेधशाळा बांधली. मातीच्या विटा, छतावर सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची टाकी आणि बाहेर एकही दिवा नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी त्या पुण्याहून दुर्बीण घेऊन आल्या, तर घुमटाला खेटून सहा दिव्यांचा उंच सोलर खांब उभा होता. त्यावर सरपंच श्रीमंतआबांचं नाव.

"गावाकडून भेट, ताई! मोकळ्या हातानं कसं यावं?"

"आबा, उजेडात तारे दिसत नाहीत हो."

"तारे काय, रोजचेच हायेत. आलेल्या पाव्हण्याला वेधशाळा नको का दिसाया?"

"बटण कुठंय याचं?"

"बटन न्हाई त्याला. अंधार पडला की आपसूक लागतो."

तेवढ्यात सहाही दिवे लागले. गावाने टाळ्या वाजवल्या, पंकजाताईंनाही वाजवाव्या लागल्या.

दिव्यांना पाच वर्षांची गॅरंटी आहे.