उजवीकडचा रकाना

वेबसाइटची कोणी प्रिंट काढतं का? मी ज्या शिक्षणसंस्थेचं काम करत होते, तिथे काढतात. रंगीत, मोठ्या कागदावर, एकेक पान. ती पानं फाइलला लावून अध्यक्षसाहेबांपुढे जातात आणि साहेब प्रत्येक पानाखाली हिरव्या शाईने सही करतात. सही झाली की वेबसाइट मंजूर. त्यानंतर तिच्यातला एक स्वल्पविराम हलवायचा म्हटला तरी नवी प्रिंट, नवी फाइल, नवी सही.

मी कीर्ती. सोलापुरात गुरुलिंग सरांच्या ऑफिसात वेबसाइट बनवते. या संस्थेच्या नर्सिंग कॉलेजचा प्रवेश अर्ज माझ्याकडे आला, तेव्हा मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, की हा अर्ज भरणाऱ्या मुली खेड्यापाड्यांतून येणार. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नसतो, मोबाईल असतो, तोही सगळ्या घरात मिळून एक. तेव्हा मोबाईलवर रकाने एकाखाली एक आले पाहिजेत. हे मला कोणी शिकवायला नको होतं. बारावीनंतरचा माझा अर्ज मी आईच्या फोनवर भरला होता, तिची दवाखान्यातली ड्यूटी संपायची वाट बघत.

मी तसा अर्ज बनवला आणि मोबाईल कार्यालय अधीक्षक चनमल्लप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो सहीच्या कागदाशेजारी ठेवला आणि मान हलवली.

"मॅडम, साहेबांनी सही केली त्यात दोन रकाने शेजारी-शेजारी आहेत. तुमच्यात एकाखाली एक. मंजूर एक आणि केलं भलतंच, असं होतंय की."

"मग मोबाईलच्या पानाचीही प्रिंट काढू. त्यावर सही घेऊ."

"एकाच अर्जावर दोन सह्या? साहेब मला घरी बसवतील!"

मी गुरुलिंग सरांकडे बघितलं. सर पंख्याकडे बघत होते. विषय संपला. कागदावर जसं होतं तसंच मोबाईलवर आलं. पान पडद्यापेक्षा रुंद, उजवीकडचं बघायचं तर बोटाने सरकवायचं.

दोन दिवसांनी, अर्ज भरायला खुला व्हायच्या आधीच, चनमल्लप्पांचा फोन. "मॅडम, मोबाईलवर पान डुगडुगतंय की हो. बोट लावलं की इकडं-तिकडं पळतंय. साहेबांचा फोटो हलतोय."

साहेबांचा फोटो हलतोय! माझं डोकंच फिरलं. डुगडुगतंय काय? घ्या, आता जागचं हलणार नाही. रागाच्या भरात मी कोडमध्ये एक ओळ लिहिली आणि पान जखडून टाकलं. पडद्याबाहेर जे राहिलं ते राहिलं. काय राहिलं हे बघायला मी थांबले नाही. राग चनमल्लप्पांवर होता, आणि काढला मी कोणावर, हे कळायला दीड महिना जावा लागला.

यादी लागल्यावर चार दिवसांनी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्या ऑफिसच्या दारात उभी राहिली. बाईचं नाव बजाबाई, मुलीचं सृष्टी. नातेपुत्याजवळच्या वाडीवरून पहाटेच्या एसटीने निघाल्या होत्या. आमच्याकडेच का आल्या, तर वेबसाइटच्या तळाशी डावीकडे आमच्या ऑफिसचा नंबर होता आणि मोबाईलवर तेवढा एकच नंबर दिसत होता. फोन करून पत्ता विचारत आल्या.

"ताई, पोरीचं नाव लागलंय," बजाबाई म्हणाल्या. "पर कॉलेजवाले ऱ्हायाला जागा न्हाय म्हनत्यात. तुमी मागितलीच न्हाय म्हनत्यात. आमी कशाला मागनार न्हाय? नातेपुत्यास्नं रोज येनं-जानं हुतंय व्हय? तिचा बाप म्हनतोय, जागा नसंल तर ऱ्हाऊ दे कॉलेज. सोमवारपतुर काय ते सांगा म्हनतोय."

"मी तीनदा तपासला हुता अर्ज," सृष्टी म्हणाली. "त्यात कुटंच इचारलं न्हवतं."

मी तिच्या हातातला फोन घेतला आणि अर्ज उघडला. नाव, पत्ता, गुण. बोट उजवीकडे सरकवलं. पान हललं नाही. पुन्हा सरकवलं. मग मीच लिहिलेली ती ओळ आठवली. उजवीकडच्या रकान्यात रक्तगट होता, छंद होते आणि सगळ्यात खाली चौकट होती: वसतिगृह हवे आहे. त्यातलं काहीच सक्तीचं नव्हतं. म्हणून एकही अर्ज अडला नाही, एकाही मुलीला शंका आली नाही.

मी नाव लागलेल्या मुलींचे सगळे अर्ज काढून बघितले. मोबाईलवरून आलेले अठ्ठ्याऐंशी. त्यातल्या एकीनेही वसतिगृह मागितलं नव्हतं. ज्या सोळाजणींनी मागितलं होतं, त्या सगळ्या कॉम्प्युटरवर भरणाऱ्या.

मला माझी इतकी चीड आली, की गुरुलिंग सर काय बोलतायत ते आधी ऐकूच आलं नाही.

"आपली चूक तिथं कबूल करू नकोस, कीर्ती. काम जाईल हातचं."

"जाऊ दे की सर," मी म्हणाले आणि दोघींना घेऊन संस्थेत गेले.

चनमल्लप्पांनी शांतपणे फाइल काढली. पान उलटलं, बोट ठेवलं. "हा बघा रकाना. सहीसकट. मंजूर अर्जात आहे, मुलीने भरला नाही. आम्ही काय करणार? यंदा मुलींना हॉस्टेल नकोच आहे की. वरचा मजला परीक्षा विभागाला द्यायचं चाललंय."

मुलींना नकोच आहे! खोल्या रिकाम्या, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि बाप लेकीला घरी बसवायला निघालेला. मी पुढे काही ऐकलं नाही. सरळ अध्यक्षसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले. माझ्यामागे बजाबाई, सृष्टी, आणि "मॅडम, मॅडम" करत चनमल्लप्पा.

"साहेब, तुमच्या मोबाईलवर हा अर्ज उघडा आणि वसतिगृह मागून दाखवा."

साहेबांना असं कोणी बोलत नसावं. त्यांनी चष्मा लावला, फोन काढला. अंगठा वर नेला, खाली नेला, उजवीकडे नेला. पानभर त्यांचाच फोटो, मग नाव, पत्ता, गुण.

"कुठाय?"

"कागदावर आहे. तुम्ही सही केलीय त्या कागदावर. मुलींच्या फोनवर नाही. पान हलतंय म्हणून तक्रार आली आणि मी रागाने ते जखडलं. ती चूक माझी. पण ते पान मोबाईलसाठी बदलू दिलं नाही, ती तुमच्या ऑफिसची."

साहेबांनी सृष्टीकडून तिच्या अर्जाची प्रत घेतली, खिशातलं हिरवं पेन काढलं, कोपऱ्यात 'वसतिगृह द्यावे' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"झालं ना बाळ?"

बजाबाई त्यांच्या पाया पडल्या. मला ते बघवेना.

"आणि बाकीच्या सत्त्याऐंशी?" मी विचारलं.

"त्या कुठं आल्यात?" साहेब हसले. "ज्याला गरज असते तो येतो, मॅडम."

मी त्या केबिनमध्ये आणखी एक मिनिट थांबले असते, तर तोंडातून काय गेलं असतं सांगता येत नाही. बाहेरच्या बाकावर बसले, लॅपटॉप उघडला. ती ओळ काढली. रकाने एकाखाली एक लावले. प्रिंट नाही, फाइल नाही, सही नाही. मग त्या मुलींची यादी उघडली आणि पहिला नंबर लावला. गरज असते तो येतो काय? उद्या सगळ्यांना आणून उभं करते तुमच्या दारात.

"तू काय करतीस, ताई?" बजाबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पिशवी बाकाखाली सारली आणि सृष्टीला म्हणाल्या, "अर्दे नंबर तू घे की. पाचच्या गाडीला टाइम हाय अजून."

पहिला नंबर उत्कर्षा नावाच्या मुलीचा. बार्शी तालुक्यातलं गाव.

"नर्सिंगचा अर्ज भरला होतास ना? वसतिगृह पाहिजे होतं का तुला?"

"पायजे हुतं, मॅडम." ती घुटमळली. "पर माझीच चूक झाली. मला मोबाईलवर नीट भराया येत न्हाय. घरचे बी तेच म्हनत्यात. आता गावातच कापडाच्या दुकानात लागलेय मी."

"चूक तुझी नाही," मी म्हणाले. "अर्जात ती चौकट दिसतच नव्हती. चूक माझी आहे. मी बनवलाय तो अर्ज. उद्या अकरा वाजता संस्थेच्या ऑफिसात ये, ज्यावर अर्ज भरलास तो फोन घेऊन ये."

"न्हाय हो मॅडम, तुमची कशी आसंल? तुमी कशाला वाईट वाटून घेता?"

मी पुन्हा सांगितलं. ओरडूनच सांगितलं, कॉरिडॉरमधल्या माणसांनी वळून बघितलं. तिकडे ती आणखीच घाबरली, आणि मला म्हणाली, "सॉरी मॅडम."