भडभड्या आणि एकशे ऐंशी अंडी

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला जनित्र म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मला ‘भडभड्या’ म्हणतात. हे नाव भामाबाईंनी ठेवलं. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. आता दुसऱ्या नावाने कोणी बोलावलं तर मी वळूनही बघणार नाही. तसं मला वळता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी उंचीला तुमच्या गुडघ्याएवढा आहे. लाल टाकी, वर उचलायला काळी मूठ आणि बाजूला ओढायची दोरी. दोरी जोरात ओढली की माझ्या पोटातलं इंजिन पेट्रोलवर फिरू लागतं आणि त्याच्या फिरण्यातून वीज तयार होते. ही वीज फार नसते. दोन पंखे आणि चार दिवे चालतील एवढीच. पण आवाज म्हणाल तर मोठ्यांनाही लाजवील असा! कारखान्यात मला पहिल्यांदा चालू करून बघितलं, तेव्हा तपासणाऱ्या माणसाने कानावर हात ठेवले होते. त्या दिवसापासून मी माझ्या आवाजाच्या प्रेमात पडलो. आपण ओरडलो की जग ऐकतं, असं मला वाटायचं.

कारखान्यातून मी नांदेडला मल्लिनाथ शेठच्या दुकानात आलो. मल्लिनाथ सकाळी घरची शिवपूजा आटोपून दुकान उघडायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे असायचे. आल्या आल्या ते प्रत्येक यंत्रावरची धूळ पुसायचे आणि बोटाला उरलेलं थोडं भस्म आमच्याही टाकीला लावायचे. गिऱ्हाईक मात्र माझ्याकडे बघून पुढे जायचं. सगळ्यांना मोठा जनरेटर हवा असायचा. शेजारचे मोठे जनरेटर एकेक करून गेले आणि मी कोपऱ्यात तसाच उभा राहिलो.

मग एक दिवस प्रियदर्शनी आली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता.

“बोला ताई, लग्नाच्या मांडवाला पाहिजे का दुकानाला?” मल्लिनाथ शेठनी विचारलं.

“पिल्लं काढायला पाहिजे.”

“कशाची पिल्लं?”

“कोंबडीची. अंडी उबवायची पेटी हाय माझी. लाइट गेली की पेटी थंड पडते, आन् आतले जीव मरतात.”

शेठचा फडका फिरायचा थांबला. त्यांच्या घरात अंडं शिवतही नाहीत. मग ते हसून म्हणाले, “जीव वाचवायला मशीन मागून राहिल्या, तर मी कोण न्हाई म्हणणारा? हा मोठा घ्या.”

प्रियदर्शनीने कागद उघडला. “पेटीला अडीचशे वॉट. वर एक बल्ब आन् एक पंखा. सगळं मिळून पाचशेच्या आत. मोठा घेऊन काय करू? नुसता पेट्रोल पीत बसंल.”

“हाव! इतका विचार करून आलेलं गिऱ्हाईक लई दिवसांनी बघितलं,” शेठ म्हणाले आणि त्यांनी मला कोपऱ्यातून बाहेर काढलं. मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. कोणाला तरी नेमका मीच हवा होतो.

निघताना शेठनी तीन बोटं वर केली. “ऑइल बघितल्याबिगर चालू करू नका. घरात चालवू नका; ह्याचा धूर माणसाला कळूबी न देता मारतो. आन् चालू असताना ह्याला चारी बाजूंनी मोकळी हवा पाहिजे.” प्रियदर्शनीने तिन्ही गोष्टी त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिल्या आणि कागद पर्समध्ये ठेवला. तो पर्समध्येच राहिला. पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी एसटीने गावी आलो. तिचा नवरा नागसेन त्याच गाडीवर कंडक्टर होता. त्याने बायकोकडे न बघता अगदी गंभीर चेहऱ्याने माझं सामानाचं तिकीट फाडलं आणि मागच्या बाकावरची माणसं खो खो हसली.

घरी आल्यावर मला सगळी हकिगत कळली. प्रियदर्शनीने नांदेडला अंडी उबवण्याचं शिक्षण घेतलं होतं. गावातल्या बारा बायकांनी आपापल्या गावरान कोंबड्यांची अंडी तिच्या पेटीत ठेवायला दिली होती. मधेच एका दुपारी जी वीज गेली ती सात तास आली नाही. एकही पिल्लू निघालं नाही. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण पाण्याला जाताना तिच्या दारासमोरून भरभर जाऊ लागल्या. आता तिने घरोघरी फिरून पुन्हा एकशे ऐंशी अंडी मागून आणली होती. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने त्या त्या घराचं अक्षर लिहिलं होतं. “ह्या खेपेला फसलं तर कोणी एक अंडं देणार न्हाई मला,” असं ती नागसेनला म्हणाली, तेव्हा मी ओसरीवरच होतो. तिचा आवाज ऐकून माझ्या टाकीतलं पेट्रोलसुद्धा हललं असेल.

त्या एकशे ऐंशींतली तीस अंडी भामाबाईंची होती. भामाबाई म्हणजे तिच्या सासूबाई; त्यांना ती आत्या म्हणते. त्यांनी आयुष्यभर खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली अंडी बसवली होती. किती दिवसांनी कोणतं अंडं फुटेल हे त्या नुसतं कानाला लावून सांगायच्या. आईशिवाय पिल्लू निघतं यावर त्यांचा विश्वास नव्हता, तरी सुनेसाठी त्यांनी सगळ्यात चांगली अंडी निवडून दिली. ढगांच्या गडगडाटाने अंडी नासतात म्हणून कोंबडीच्या खुराड्यात लोखंडाचा खिळा ठेवतात, तसा एक खिळा त्यांनी पेटीच्या कोपऱ्यातही ठेवला. प्रियदर्शनीने तो काढला नाही. तिचं हे वागणं मला फार आवडलं.

दिवसातून तीन वेळा ती अंडी फिरवायची. अठराव्या दिवसानंतर फिरवायची नसतात आणि पेटीचं दारही उघडायचं नसतं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि गारा पडल्या. गावाबाहेरचे विजेचे सहा खांब आडवे झाले. पेटीतला दिवा विझला. प्रियदर्शनीने धावत येऊन माझं ऑइल बघितलं, मला अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली ठेवलं आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात मी गरजलो! पेटीतला दिवा लागला. ती माझ्याकडे बघून हसली. मी रात्रभर न थकता काम केलं.

सकाळी पेटीच्या काचेतून पहिल्या अंड्यावर बारीकशी चीर दिसली. आतल्या पिल्लाने टोच मारली होती. नागसेन ड्युटीवर होता आणि माझं पेट्रोल संपत आलं होतं. “आत्या, पेटीचं दार उघडू नका, मी आलेच,” असं ओरडून सांगत प्रियदर्शनी स्कूटीवर हदगावला गेली.

भामाबाई ओसरीवरच्या पेटीसमोर बसल्या. त्यांनी अंड्यांचा कानोसा घ्यायचा प्रयत्न केला, पण माझ्या गर्जनेपुढे त्यांना काहीच ऐकू येईना. “एवढीशी लेकरं बाहेर येऊन राहिली, आन् हा भडभड्या बोंबलून राहिला! दचकून मरतील की,” असं माझ्यावर ओरडत त्या घरात गेल्या आणि जाड गोधडी घेऊन आल्या. जुन्या लुगड्यांची, सात थरांची गोधडी. ती त्यांनी चारी बाजूंनी माझ्यावर नीट खोचून घातली. मला सांगा, ही काय दुष्टपणाने केलेली गोष्ट होती? पण मित्रांनो, माझा श्वास कोंडला. गरम हवा बाहेर जाईना, गार हवा आत येईना. माझं अंग तापलं, आवाज घोगरा झाला आणि थोड्याच वेळात मी धडपडत बंद पडलो.

जळका वास येताच भामाबाईंनी गोधडी ओढून काढली. तिला माझ्या धुराच्या नळीजवळ तळहाताएवढं भोक पडलं होतं. दैव बलवत्तर म्हणून आग लागली नाही. पेटीतला दिवा विझलेला बघून भामाबाई पेटीकडे धावल्या.

तेवढ्यात प्रियदर्शनी आली. एका नजरेत तिला सगळं समजलं. ती ओरडेल असं मला वाटलं. तिच्या हातात पेट्रोलचा डबा होता आणि पेटीतल्या तापमापकाचा पारा उतरत होता. पण तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतायचं नसतं, भडका उडतो. तिने डबा माझ्यापासून दूर सावलीत ठेवला.

“चूक माझी हाय, आत्या. ह्याला मोकळी हवा लागते, हे मी तुम्हाला सांगितलंच न्हाई. अर्धा तास थांबावं लागंल.”

“अर्ध्या तासात लेकरं गारठतील,” भामाबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, तीच गोधडी झटकली आणि पेटीवर घातली. खुडूक कोंबडी पंख पसरते, तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

“खालची भोकं उघडी ठेवा, आत्या. पिल्लांना हवा लागते.”

भामाबाईंनी खालची कड वर केली. मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “लेकरांना लागते, तशी ह्यालाबी लागत असंल. मीच येडी.”

तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास होता. दोघी पेटीला धरून बसल्या होत्या. पारा उतरत होता, पण गोधडीमुळे हळूहळू. शेवटी प्रियदर्शनीने माझ्या अंगाला हात लावून बघितलं, ऑइल तपासलं, पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली. मी नुसता खोकलो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी सगळा जीव एकवटला आणि चालू झालो. भामाबाई मोठ्याने ओरडल्या, “बोंबल रे बाबा, आता बोंबल!”

त्या दिवशी मी चालत राहिलो आणि दुसऱ्या दिवशीही. बाराही घरच्या बायका येऊन काचेतून बघून गेल्या. त्या हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या, पण माझ्या गर्जनेत मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. दुपारी वीज आली. भामाबाईंनी सुनेला विचारून स्वतःच्या हाताने माझं बटण बंद केलं.

माझी गर्जना थांबली आणि मला पेटीतला आवाज ऐकू आला. चिवचिव, चिवचिव. एकशे एकतीस पिल्लं एकाच वेळी बोलत होती. हा आवाज केव्हाचा सुरू होता, पण माझ्याच ओरडण्यात तो मला ऐकू आला नव्हता. त्या दिवसापासून मला माझ्या आवाजापेक्षा हा आवाज जास्त आवडतो, हे मी खरं सांगतो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता छपरावर सोलरचं पॅनल आहे, बॅटरी आहे. माझी गरज वर्षातून दोन-चारदाच पडते. तरी मी गंजलेलो नाही, कारण दर रविवारी भामाबाई मला अंगणात नेतात, ऑइल बघतात आणि दहा मिनिटं चालवतात. बारा घरच्या बायकांना त्याच शिकवतात, “ह्याला घरात चालवायचं न्हाई, चालू असताना झाकायचं न्हाई.” पर्समधला तो कागद आता पेटीशेजारच्या भिंतीवर चिकटवलेला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं यंत्र असेल. त्याच्यावर माया करा, पण त्याला काय हवं आणि काय नको, हे आधी समजून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. भामाबाई आता तसंच करतात. मला बंद केल्यावर त्या वाट बघतात. मग लेकराचा ताप बघावा तसा उलटा हात माझ्या टाकीला लावतात. “झाला गं गार,” असं सुनेला सांगतात आणि भोक पडलेली तीच गोधडी माझ्या अंगावर घालतात.