वाढदिवसाची टेप

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांची बायको कंपवाताने अंथरुणाला खिळली आणि त्यातच गेली. तिला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी नातेवाइकांना दाखवायला छोटी फिल्म करावी, असं मुलीच्या मनात आलं. ती वडिलांना घेऊन एडिटर बाईंकडे आली. सोबत फोनमधले अलीकडचे व्हिडिओ होते आणि मास्तरांनी जुन्या कॅमेऱ्यावर काढलेली एक टेप. टेपवर मुलीचा बारावा वाढदिवस होता.

"ही तेवढी नीट करा," मास्तर म्हणाले. "माणूस हललं की कडेला कंगव्याचे दात दिसतात. कॅमेरा चांगला होता हो."

"दोष कॅमेऱ्याचा नाही," बाई म्हणाल्या. "तो एकेक चित्र दोन हप्त्यांत टिपायचा. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. तेवढ्यात माणूस पुढे सरकलेलं असतं. फोन अख्खं चित्र एकदम घेतो. दोघांना शेजारी बसवलं की जमत नाही."

"आमच्या घरासारखंच," मुलगी म्हणाली. मास्तर हसले नाहीत.

बाईंनी ओळी वेगळ्या केल्या. दात गेले, पण आता पडदा, फुगे, धावणारी मुलं, सगळंच पुढेमागे थरथरू लागलं. हप्त्यांचा क्रम उलटा लागला होता. बाईंनी तो सुलटा केला. पडदा शांत झाला, मुलं सरळ धावू लागली. केटलीतून चहा ओतणाऱ्या आईचा उजवा हात मात्र थरथरतच राहिला. तिच्या मागून एक फुगा संथपणे सरकत गेला.

"तेवढा हात राहिला बघा," मास्तर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "टेपमध्ये आता काही चूक नाही, मास्तर."

तेवढ्यात स्पीकरमधून मास्तरांचाच तरणा आवाज आला, "सांडलास ना परत? हात आहेत की लाकडं?" पाहुणे खो खो हसले. आईही हसली आणि तिने डावा हात उजव्या हातावर ठेवला.

बाईंनी टेप थांबवली. मग मास्तर म्हणाले, "पण आजार तर कितीतरी वर्षांनी निघाला. तू कॉलेजात होतीस."

"तुम्हाला तेव्हा कळला," मुलगी म्हणाली. "आईला आधीच कळलं होतं. मी दहावीत असताना मला सांगितलंन तिने."

"आणि मला?"

"नको म्हणाली. म्हणे, शिकाऊ माणसाचं स्टिअरिंग हिसकावतात ना, तसं माझ्या हातातलं सगळं काढून घेतील."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझा आवाज काढता येतो का?"

"येतो. त्या जागी संगीत टाकू."

त्यांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. शेवटपर्यंत पाहिला. "राहू द्या," ते म्हणाले.

"बाबा, लोकांसमोर कशाला?"

"लोकांसमोरच बोललो होतो ना."

वर्षश्राद्धाच्या दिवशी हॉल भरला होता. लॅपटॉपवर बाईच बसल्या होत्या. मास्तर मागे, भिंतीला टेकून उभे. केटली आली, आवाज आला, आणि टेपमधले पाहुणे हसले तसा अख्खा हॉल हसला. कुणीतरी टाळी दिली. मुलीने मान खाली घातली.

दिवे लागल्यावर मेहुणा मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काय फिरकी घ्यायचात हो ताईची. जुने दिवस आठवले."

"तिचा हात बघितलास का?" मास्तरांनी विचारलं.

"हात? का, काय झालं होतं?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण मेहुण्याला कुणीतरी जेवायला हाक मारली आणि तो गेला. मुलगी जवळ आली, "घरी जाऊ या का?" म्हणाली. ते नाही म्हणाले आणि रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचू लागले.